मूठभर तळ

नाचणगावला आमच्या वावरातल्या विहिरीत पोहण्याचा एक कायदा होता. तळ आणल्याशिवाय पोहता येतं असं म्हणायचं नाही. विहिरीत कितीही फेऱ्या मारा, वरून कितीही उड्या टाका, कुणी हिशेबात धरत नसे. बुडी मारून थेट खाली जायचं, तळाचा गाळ मुठीत धरायचा, वर यायचं आणि काठावरच्यांसमोर मूठ उघडून ओरडायचं, “तळ!” मग ज्यांनी अजून तळ आणलेला नाही त्यांच्या कपाळाला त्या गाळाचा टिळा लावायचा. टिळा लागला म्हणजे तुम्ही कच्चे. घरी जाईपर्यंत तो पुसायचा नाही, हेही कायद्यातच होतं.

असे टिळे मी पुष्कळ लावून घेतले आणि बहुतेक सगळे माझ्या दादाच्या हातचे.

विहीर आमच्या आजोबांनी खणलेली. गावच्या विहिरीवर आम्हाला कुणी चढू देत नसे, म्हणून त्यांनी आपल्याच वावरात पहार मारली. पाणी लागलं ते इतकं गोड, की पुढं कडक उन्हाळ्यात तीच माणसं घागरी घेऊन आमच्या बांधावर उभी राहायला लागली. आजोबांनी कुणाला परत पाठवलं नाही. पण पाणी शेंदून देताना ते मिशीत हसायचे, असं आई सांगायची.

मला पोहायला दादानं शिकवलं. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर दादाच्या हातात. आधी डबा सुटला, मग दोर सुटला. दादा मॅट्रिक झाला तेव्हा बाबांनी त्याला एक घड्याळ घेऊन दिलं होतं. ते तो झोपतानाही काढत नसे. फक्त उडी मारायच्या आधी ते माझ्या हातात द्यायचा. काठावर उभं राहून त्यानं कितीही ऐट केली तरी मी ढिम्म बसून असे. घड्याळ माझ्या हातात आलं की समजायचं, आता हा खरंच उडी मारतो. थोड्या वेळानं तो गाळाची मूठ घेऊन वर यायचा, माझ्या कपाळाला बोट टेकवायचा आणि म्हणायचा, “तुह्यं राह्यलंच, बाई.”

ते राहिलंच. मी तेरा वर्षांची असताना एका दुपारी आई टॉवेल घेऊन विहिरीवर आली. “आता पुरे. मोठी झाली तू. निंघ बाहीर.” मी म्हटलं, एकच बुडी. त्या दिवसांत मी इतकी खाली जायला लागले होते की तळाचं थंडगार पाणी हाताला लागायचं, आणखी थोडं गेलं की झालं. आईनं नुसता टॉवेल उलगडून धरला. मी बाहेर आले. मुलगे पोहत राहिले. मला भयंकर राग आला होता आणि खोटं कशाला बोलू, तो अजून गेलेला नाही.

पुढं शिकले, लग्न झालं, वर्ध्याला नोकरी लागली. तीही लागली सिंचन विभागाच्या कार्यालयात! धरणात पाणी किती, कालव्यात सोडलं किती, याचे कागद उभी हयात माझ्या हाताखालून गेले. इतकं पाणी पाहिलं, पण पायाचा अंगठा ओला झाला नाही. घरात लग्न असो की बारसं, चार माणसं जमली की दादा विषय काढणारच. “आमची बाई मोठी साहेबीण झाली. पण तळ नाई आणला तिनं.” सगळे हसत. मीही हसायची आणि आतून मिरच्या झोंबायच्या.

विहिरीत आणायला जावं, तर तीही तशी राहिली नव्हती. वर लोखंडी जाळी बसली, आत मोटर, आणि आजूबाजूच्या बोअरवेलनी पाणी पार खाली ओढून नेलं. उन्हाळ्यात तिथं आता तळच तळ असतो, पाणी नसतं.

म्हणून निवृत्त झाले तेव्हा, शाल-श्रीफळ हातात असतानाच लोकांनी विचारलं, “म्याडम, आता काय?” तर मी म्हटलं, “अंदमान.” कारण मी कुणाला सांगितलं नाही. फक्त दादाला फोनवर म्हटलं, तिथं बेटांजवळचं पाणी इतकं नितळ असतं म्हणे, की नावेतून तळ दिसतो. तो म्हणाला, “आमी बी येतो.”

वहिनीनं मोडता घातला. “आंधी बोधगया करा. मंग अंदमान करा नाई तं फंदमान करा.” मी म्हटलं, “वहिनी, तथागत कुठं जात नाहीत, पण माझे गुडघे चाललेत.” गुडघ्यांचं तिला पटलं. शिवाय दादाला एकट्याला सोडायला ती तयार नव्हती. मागच्या वर्षी त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी जिना सावकाश आणि पोहणं बंद असं बजावलं होतं. माझ्या घरच्यांना विमानाची भीती, त्यांनी घर राखायचं कबूल केलं. निघालो तिघं. बॅगेत वहिनीनं केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी. सातासमुद्रापार गेलो असतो तरी ती चटणी आली असती.

पहिल्यांदा समुद्र पाहून माझी वाचा बसली वगैरे काही नाही. उलट मी ओरडलेच, “बापा! केवढं पाणी!” आणि दुसऱ्या क्षणी माझ्यातली सिंचनवाली जागी झाली. एवढ्या पाण्यात किती वावरं भिजली असती! आणि सगळं खारट. एका वावराच्या कामाचं नाही. मला समुद्राची थोडी कीवच आली.

हॅवलॉक बेटावर मी पहिल्यांदा पाण्यात उतरले. पांढरी रेती, मोरपंखी पाणी, आणि पाण्यात दोर लावून माणसांसाठी आखून दिलेली जागा. मी अंगभर कपडे, वर पदराऐवजी ते नारिंगी लाइफ जॅकेट, अशी निघाले. इतक्या वर्षांनी पाण्यानं मला उचललं. हात आपोआप चालायला लागले. कुणाला सांगून पटणार नाही, पण अंग काही म्हणजे काही विसरलं नव्हतं. पाच-सात हात मारले आणि डावीकडे वळले. पुन्हा पाच-सात हात, पुन्हा डावीकडे. मला वाटत होतं मी सुसाट निघालेय. तेवढ्यात किनाऱ्यावरून दादा पोट धरून हसताना ऐकू आला. “अवो बाई, कायले घिरट्या घालून राह्यली? समुद्र आहे थो! त्याले भित्तडं नाईत! सरळ जाय ना!”

विहीर जेवढी रुंद तेवढंच सरळ पोहायचं, मग वळायचं. माझ्या अंगाला पोहणं म्हणजे एवढंच ठाऊक. मीही हसायला लागले, आणि हसता हसता जुन्या सवयीनं एक घोट पाणी गिळलं. आम्ही विहिरीत पोहता पोहताच पाणी प्यायचो. इथं तो घोट घशाखाली उतरला आणि माझे डोळे पांढरे झाले. खोकत, ठसकत, नाकातोंडातून पाणी काढत मी बाहेर आले. जीवरक्षकाच्या शिट्ट्या, माणसांची गर्दी, आणि वहिनी छाती बडवत उभी.

तिथंच तिनं शपथ घातली. गळ्याला चिमूट लावून म्हणाली, “माह्या गळ्याची शपथ आहे तुमाले, बाई. या जाकिटाबिगर कमरेच्या वरी पाण्यात नाई जायचं.”

आता जॅकेट घालून माणूस बुडूच शकत नाही, ते त्याचसाठी असतं. म्हणजे तळाचा विषय संपला. मी देवाधर्माच्या शपथा मानत नाही, पण दुसऱ्याच्या गळ्याच्या शपथेची गोष्ट वेगळी. मोडली आणि उद्या वहिनीला साधा खोकला झाला, तरी तो माझ्या नावावर. आणि शपथेचाही कायदा आहे. ज्यानं घातली त्यानंच तोंडानं ‘सुटली’ म्हणावं, तेव्हाच ती सुटते. मी संध्याकाळभर वहिनीला मस्का लावला. तिनं पुरी पुढं केली, ‘सुटली’ काही म्हटलं नाही.

पुढच्या बेटावर, नीलला, शपथ मोडायची सोयच नव्हती. ओहोटी लागलेली. चालत चालत मी इतकी आत गेले की किनारा लहान दिसायला लागला, तरी पाणी गुडघ्याला. पायाखाली प्रवाळ, त्यात निळे मासे, एक जाडजूड काळी समुद्रकाकडी निवांत पडलेली. इतकं सुंदर होतं सगळं, आणि मी वैतागलेली. दादानं किनाऱ्यावरून विचारलं, “भेटला काय तळ?” मी तळावरच उभी होते, पण त्याला काही तळ आणणं म्हणत नाहीत.

तिथून सरकारी बोटीनं आम्ही लाँग आयलंडला गेलो. तिथं मोटारी नाहीत, एक गाव आहे आणि बाकी जंगल. शेवटच्या दिवशी शेजारच्या बेटावर जायला एक लहान नाव ठरवली. दुसऱ्या दिवशी परतीची बोट होती, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. नावाडी तिथल्याच बंगाली वस्तीतला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. सरकारी धक्क्यावर मगरीपासून सावध राहा अशी पाटी होती, ती वहिनीनं दोनदा वाचली आणि नावेत बरोबर मधोमध बसली. दादानं विचारलं तेव्हा नावाडी म्हणाला, “वो खाड़ी में होता है, उधर रेत में नहीं।” वहिनीचा विश्वास बसला नाही.

ते बेट मी जन्मात विसरणार नाही. माणसाचं घर नाही, दुकान नाही, कागदाचा कपटा नाही. जंगल थेट रेतीपर्यंत आलेलं, आणि रेतीवर फक्त खेकड्यांच्या पावलांची नक्षी. आम्ही तिघांनी त्यावर पहिली पावलं उमटवली तेव्हा मला चक्क लाज वाटली, सारवलेल्या अंगणात चपला घालून गेल्यासारखी. पुऱ्या खाल्ल्या, चटणी संपवली, नावाड्यालाही खिलवली. त्यानं पाणी पीत पीत विचारलं, “ये क्या चीज़ है?” आणि आणखी मागून घेतली.

परत निघताना थोडं आत आल्यावर त्यानं नाव थांबवून नांगर टाकला. म्हणाला, “नीचे देखिए।” आम्ही वाकून पाहिलं. खाली स्वच्छ पांढरी रेती, तिच्यावर उन्हाच्या जाळ्या हलताहेत, आणि आमच्या नावेची सावली. काचेच्या पेल्यातून पाहावं तसा तळ दिसत होता.

“कितना गहरा है?” दादानं विचारलं.

“दस-बारा फुट होगा।”

“दोन पुरुष,” दादा मला म्हणाला. आमच्याकडे विहिरीचं पाणी पुरुषात मोजतात, एक पुरुष म्हणजे उभ्या माणसाची उंची.

“पाण्याले बी पुरुषच लागते काय मोजाले?” वहिनी म्हणाली.

आयुष्यभर ज्याच्यावरून टोमणे खाल्ले ते दोन पुरुषांवर, डोळ्यांसमोर पडलेलं, आणि मी नारिंगी जॅकेटच्या आत बसलेली. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं नजर दुसरीकडे फिरवली.

तेवढ्यात दादा उठून उभा राहिला. नाव डुगडुगली. त्यानं जॅकेटचा पट्टा सोडला आणि सदऱ्याची बटणं काढायला लागला. “जाऊ दे, बाई. तुह्याच्यानं नाई होत तं मीच आणून देतो.”

“काय करून राह्यले तुमी?” वहिनी किंचाळली. “ऑपरेशन झालं तुमचं!”

“दोनच पुरुष तं आहे. असा गेलो अन् असा आलो.” आणखी एक बटण निघालं. नावाडीही घाबरून अर्धा उठला.

“बसा म्हनते ना मी! बसा खाली!” वहिनीनं दादाचा सदरा दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे वळून जिवाच्या आकांतानं ओरडली, “जा वो बाई, तुमीच जा! सुटली माही शपथ! सुटली, सुटली, सुटली!”

दादा लगेच खाली बसला.

नावाडी मात्र सहज ऐकणारा नव्हता. त्यानं आधी मला जॅकेटसकट नावेभोवती पोहायला लावलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. मी गोल पोहले, मला तेच येत होतं, आणि नावेभोवती तेच पाहिजे होतं. मग त्यानं एक दोर काढला. “कमर में बाँधिए। दो बार खींचा तो हम ऊपर ले लेंगे।” दोराचं दुसरं टोक तो धरणार होता, पण दादानं हात पुढं केला. “रस्सी हमको दो। हमने ही सिखाया है इसको।”

जॅकेट काढून मी पहिल्यांदा गेले आणि लगेच बुचासारखी वर आले. खारं पाणी माणसाला खाली जाऊच देत नाही. दुसऱ्यांदा पाय झाडून पाहिले, कंबरेपर्यंत पाण्याबाहेर आणि डोकं आत, अशी काहीतरी अवस्था झाली. वहिनी एका हातानं डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघत होती. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती, आणि मला वाटलं, हे वय नाही. आई बरोबर होती, पुरे.

“श्वास काऊन धरून ठेवतं?” दादा नावेच्या काठावर वाकून म्हणाला. चेष्टेचा सूर नव्हता. अगदी विहिरीच्या काठावर बोलायचा तसं बोलला. “पोटात हवा भरली तं माणसाचा डब्बा होते. खाली गेली की हवा सोडून देजो. भेऊ नको. दोर माह्या हातात आहे.”

मी डोकं खाली घातलं आणि पाय आभाळाकडे केले. दोन हात मारले आणि हवा सोडली. बुडबुडे गालांवरून वर गेले, आणि पाण्यानं मला अडवणं सोडून दिलं. मी खाली जात होते. कानात दडे बसले, डोळे चुरचुरले, पण उघडेच ठेवले. विहिरीत खाली काळोख आणि गारठा असायचा. हा तळ लख्ख होता. माझीच सावली रेतीवर मोठी मोठी होत मला भेटायला येत होती. मी त्या सावलीच्या हातात हात घातला आणि मूठ आवळली.

वर येताना मी पाण्यातच हसत होते, त्यामुळे पुन्हा खारा घोट गिळला. या वेळी तो मला गोड लागला म्हटलं तर कुणी विश्वास ठेवू नये, तो तितकाच घाण होता. पण मला त्याची पर्वा नव्हती. नावेचा काठ एका हातानं धरून मी दुसरी मूठ वर केली आणि माझ्या वयाला, हुद्द्याला न शोभेल अशा आवाजात ओरडले, “तळ!” बेटावरच्या झाडांतून पाखरं उडाली.

“मूठ उघड,” दादा म्हणाला. कायदा म्हणजे कायदा.

मी उघडली. पांढरी, ओली, बारीक रेती. निम्मी पाण्यानं नेली होती, निम्मी होती. दादानं चष्मा नाकावर सारून नीट पाहिलं, बोटानं चाचपली. “कमी आहे. पण आहे.” मग तो नावाड्याला ओरडून सांगायला लागला, “तल लाई! मेरी बहन तल लाई!” नावाड्याला काय समजलं कुणास ठाऊक, पण त्यानं टाळ्या वाजवल्या.

दोघांनी मला ओढून नावेत घेतलं. वहिनीनं पदरानं माझं डोकं खसाखसा पुसलं आणि तोंडानं शिव्या चालू ठेवल्या. मी आधी तिला टिळा लावला, ती तर कच्च्यांतली कच्ची. ती म्हणाली, “लावा बापा, लावा,” आणि मगरीचं विसरून काठाशी सरकून बसली. मूठ मी झटकणार, तर दादानं चष्मा काढून, डोळे मिटून कपाळ पुढं केलं.

“मले बी लाव.”

“तुला कशाला? तू तर पक्का.”

“विहिरीचा. समुद्राचा तळ मी कुठं आणला?”

मी बोट पुढं नेलं, आणि तेव्हा मला दिसलं. दोर गुंडाळलेल्या त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. सदऱ्याची बटणं निघाली होती, जॅकेटचा पट्टा सुटला होता, सगळा तमाशा झाला होता, पण घड्याळ त्यानं काढलंच नव्हतं. वहिनी त्याच्या शेजारीच बसलेली, म्हणून मी हळूच विचारलं, “दादा, घड्याळ?”

त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. “कोनाच्या हाती देऊ? धरनारी तं पाण्यात चालली होती. लाव लवकर, रेती वाळून राह्यली.”

मी लावला.